ब्रेकताई गिटार वाजवते

गेले दहा दिवस ब्रेकताईचे पाय जमिनीवर नव्हते. आता ज्या बाईचा सगळा धंदाच पायांचा, तिचे पाय असे हवेत असले तर तिच्या गिऱ्हाइकांचं काय झालं असेल, विचारूच नका. सोमवारी बँकेतल्या एक बाई तिच्याकडे गाडी मागे घ्यायला शिकत होत्या. मागे घेता घेता त्या थेट कुणाच्या तरी फाटकापाशी गेल्या, तिथली कुंडी आडवी झाली, आणि ब्रेकताई म्हणाली, "वा! मस्त!" बाईंना वाटलं, टोमणा आहे. त्या रडायलाच लागल्या. पण टोमणा कसला डोंबलाचा, ब्रेकताईला कुंडी दिसलीच नव्हती. ती सीटबेल्टच्या पट्ट्यावर डाव्या हाताची बोटं दाबून एका गाण्याची सुरुवात घोकत होती.

एरवी अशी नाही हो ती. एकोणीस वर्षं गाडी शिकवते आहे, आणि एकोणीस वर्षांत तिच्या गाडीला साधा ओरखडा नाही. शिकवणाऱ्याच्या गाडीत डावीउजवीकडे दोन्ही सीटांपुढे पेडलं असतात, म्हणून बरं. समोर कुत्रं आलं, की शिकणारा आधी "आई गं" म्हणतो, मग स्टिअरिंग सोडतो, मग डोळे मिटतो. तोवर ब्रेकताईचा पाय जाऊन आपलं काम करून परत आलेला असतो. तिच्या डोक्याला कळायच्या आधी तिच्या पायाला कळतं. म्हणून हे नाव. एका शिकाऊ पोरीने ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच, आता चर्चच्या यादीतही तेच लिहितात.

तर आनंदाचं कारण असं. तिच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला गाण्यांमागे वाद्यं वाजतात. कीबोर्डवर मास्तर, म्हणजे शाळेत संगीत शिकवणारे गृहस्थ, सगळ्या ताफ्याचे प्रमुख. ड्रमवर कुरियर. तो पार्सलं वाटतो, म्हणून कुरियर. मागच्या बाजूला आवाजाचं मशीन सांभाळायला साउंडकाका, वीज कंपनीतून निवृत्त. आणि इलेक्ट्रिक गिटारवर एक दातांचा डॉक्टर होता, तो दोन महिन्यांपूर्वी बदली घेऊन दुसरीकडे गेला. त्याच्या जागी मास्तरांनी आणला लॅपटॉप. लॅपटॉपात गिटार आधीच वाजवून ठेवलेली, बटण दाबलं की सुरू. सूर चुकत नाही, उशिरा येत नाही, चहा मागत नाही. मास्तर बेहद्द खूश.

ब्रेकताई तेव्हा मागच्या ओळीत उभी राहून गायची. बाराव्या वर्षी तिने पहिल्यांदा विचारलं होतं, "मी गिटार वाजवू?" तर तेव्हाचे प्रमुख म्हणाले होते, "बाळ, तू गा." ती गायली. बत्तीस वर्षं गायली! घरी मात्र गिटार होती, जुनी, लाल, एका शिष्याने फीऐवजी दिलेली, आणि रोज दीड तास ती कानाला हेडफोन लावून वाजवत होती, म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार नको. लॅपटॉप आल्यावर मात्र तिला राहवेना. एका रविवारी उपासना संपल्यावर ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली आणि एका श्वासात म्हणाली, "मास्तर, ते मशीन माझ्याहून चांगलं वाजवतं, मान्य आहे, पण त्याला देवाची स्तुती करायची इच्छा आहे का?"

 मास्तरांना असे उलटे प्रश्न ऐकायची सवय नाही, त्यामुळे त्यांना राग आला आणि रागाच्या भरात ते हो म्हणून बसले. "तीन रविवार," ते म्हणाले. "तिसऱ्या रविवारी संध्याकाळी ठरवू, तुम्ही की लॅपटॉप."

कुरियरने तिला बाहेर गाठलं. तो मंगळवार-गुरुवार तिच्याकडे गाडी शिकायचा, कारण कंपनी त्याला मोटरसायकलवरून व्हॅनवर घेणार होती. "ताई, काहीही करा पण पास व्हा," तो हात जोडून म्हणाला. "लॅपटॉप कायमचा आला तर मास्तर माझ्याही कानात टिकटिक घालणार आहेत, लय सुटू नये म्हणून. अहो, दिवसभर ते पार्सलाचं मशीन टिकटिक करतं. देवाच्या घरी तरी नको हो!"

"तू पळवतोस म्हणून तर घालणार आहेत ना?"

"मी कुठे पळवतो? गाणं पळतं."

हे खरं नव्हतं. कुरियरच्या हातून कुठलीही गोष्ट वेळेआधी पोचते, गाणं त्याला अपवाद नव्हतं.

मग ब्रेकताई तयारीला लागली. इलेक्ट्रिक गिटारचा अर्धा खेळ बोटांचा आणि अर्धा पायांचा असतो. गिटारची वायर जमिनीवरच्या छोट्या छोट्या डब्यांतून फिरून मग स्पीकरला जाते, आणि डब्या पायाने दाबायच्या. तिने तीन घेतल्या. पहिली डिले. एक सूर वाजवला की ही डबी तो पुन्हा पुन्हा मागून ऐकवते, आणि वेळ बरोबर लावली तर एका गिटारच्या तीन गिटारी होतात. पण वेळ ड्रमशी जुळायला हवी, नाहीतर सूर एकमेकांच्या पायात पाय घालून पडतात. दुसरी ट्यूनर. ही दाबली की गिटारचा आवाज बाहेर जाणं पूर्ण बंद होतं आणि लाल दिवा लागतो, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये गुपचूप तारा जुळवून घेता येतात. आणि तिसरं व्हॉल्यूमचं पेडल, लांबट, तळव्याने पुढे दाबायचं. आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग पेडल हळू दाबायचं, की सूर कुठून सुरू झाला तेच कळत नाही, नुसता भरून येतो.

या तिसऱ्या पेडलाने तिला वेड लावलं. का, ते सांगतो. शिकवणाऱ्याच्या बाजूला क्लच असतो, ब्रेक असतो, ॲक्सिलरेटर नसतो. एकोणीस वर्षं रोज सात-सात तास गाडीत बसून बाईने लोकांना थांबवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आणि इथे उजव्या पायाखाली हे! ती पहिल्यांदा त्यावर पाय ठेवून सूर चढवत गेली तेव्हा मोठ्याने हसली. हेडफोन कानात, त्यामुळे किती मोठ्याने ते तिला कळलं नाही.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं?"

"आई, बघ!" ती पुन्हा तार छेडून पेडल दाबत म्हणाली.

आईने बघितलं. ऐकू काहीच येणार नव्हतं, गिटारचा सगळा आवाज हेडफोनमध्ये. मुलगी सपाता घालून फळीवर पाय दाबते आहे आणि डोळे मिटून डुलते आहे, एवढंच तिला दिसलं. "बरं आहे," आई म्हणाली आणि भाजी करपेल म्हणून परत गेली. गेली कित्येक वर्षं ती हेच बघत होती, आणि मुलगी खरंच काही वाजवते की नुसतीच बसते, याबद्दल तिच्या मनात शंका होती. बोलली नाही इतकंच.

आता इथे ब्रेकताईने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. डब्या फळीवर बसवायच्या असतात. शहाणी माणसं ट्यूनर एका कोपऱ्यात ठेवतात, चुकून पाय पडू नये म्हणून. मास्तरांनीही तसंच सांगितलं होतं. पण ही म्हणाली, माझ्या पायांना जे ठाऊक आहे ते कशाला मोडू? तिने जुन्या चपलांच्या मांडणीची फळी कापली आणि डावीकडे डिले, मधे ट्यूनर, उजवीकडे व्हॉल्यूम अशी ओळ लावली. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. खाली बघायलाच नको! स्वतःच्या अकलेवर ती इतकी फिदा झाली, की फळीचा फोटो काढून तिने शिष्यांना पाठवला.

पहिला रविवार. काय वाजवलं म्हणता! बत्तीस वर्षांचं साठलेलं बाईने एका सकाळी ओतलं. गाण्याच्या आधी वाजवलं, मधे वाजवलं, ओळीला ओळ जोडण्यापुरती जी फट असते तिच्यात तर दोनदा वाजवलं. गाणाऱ्यांना श्वास घ्यायला जागा मिळेना. शेवटी मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, पास्टर प्रार्थना करत होते तेव्हाही तुम्ही वाजवत होतात."

"प्रार्थनेमागे हळू वाजवायचं असतं ना?"

"हळू, ताई. हळू."

आणि त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं, कमी वाजवा. खाली दोन रेघा. "गिटारवाल्याची खरी परीक्षा तो काय वाजवत नाही यात असते," ते म्हणाले, आणि हे बोलताना त्यांनी लॅपटॉपच्या पिशवीवर प्रेमाने हात ठेवला. 

दुसरा रविवार. चिठ्ठी गिटारच्या मागे चिकटवलेली. पहिली दोन गाणी तिने जीव मुठीत धरून वाजवली, दोन सूर आणि थांब, दोन सूर आणि थांब. तिसरं गाणं वेगाचं. आणि कुरियर सुटला. पहिल्या कडव्याला चालत होता, दुसऱ्याला भरभर, तिसऱ्याच्या तोंडाशी तर त्याने अशी काही उसळी घेतली की मंगळवारी चौकात घेतली होती अगदी तशी. ब्रेकताईच्या डोक्याला अजून काही कळलं नव्हतं. पाय मात्र गेला. धाडकन मधल्या पेडलवर!

गिटार गप्प.

कुरियर दचकला. दर वेळी गाडीत तो पाय गेला की पाठोपाठ ओरडा बसतो, त्याच्या हातांना हे पाठ झालेलं. त्याचे हात जागच्या जागी थांबले. ड्रम गप्प. ड्रम थांबले म्हणून मास्तरांनी कीबोर्डवरून बोटं उचलली. आणि मंडळी, त्यांना कोण काय सांगणार, ती गातच राहिली. नुसते आवाज, वाद्य एकही नाही, दोनशे गळे, म्हातारे, पोरं, सगळे. तिसरं कडवं त्या लोकांनी असं म्हटलं की पास्टर डोळे पुसायला लागले. कडवं संपता संपता ब्रेकताईने खाली बघितलं, बुटाशेजारी लाल दिवा दिसला, आणि तिने पाय उचलून पुन्हा दाबला. गिटार आली, कुरियर आला, शहाण्यासारखा, लयीत. गाणं संपलं.

आणि मास्तर? मास्तर तिच्याकडे असे आले की आता लॅपटॉप डोक्यात घालतात की काय असं तिला वाटलं. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "ताई! हा संयम! नेमक्या जागी, एका क्षणात सगळं काढून घेतलंत! मी तीस वर्षं पोरांना हेच शिकवतोय हो. एकाला जमलं नाही!"

आता सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. "मास्तर, माझा ब्रेक लागला," एवढंच वाक्य. पण तोवर पास्टर आले, त्यांनी पाठ थोपटली. मागून साउंडकाका आले, म्हणाले, "पोरी, अंगावर काटा आला बघ." दोन बायकांनी मिठी मारली. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं दिसतं का कधी? ब्रेकताई म्हणाली, "छे हो, सुचलं आपलं."

सुचलं! घ्या.

मास्तरांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. तिसऱ्या रविवारी हेच गाणं पहिलं. सुरुवात ताईंनी एकटीने करायची, आठ ओळींची, नुसती गिटार. आणि तिसऱ्या कडव्याला तीच शांतता. ते जमलं की जागा तिची.

शनिवारच्या तालमीत तिसरं कडवं आलं. मास्तरांनी मान डोलावली. ब्रेकताईने पाय उचलला, आणि पाय जाईना. भीती नाही, कुत्रं नाही, समोर कुणी आडवं नाही, तर तो कशाला जाईल? पहिल्यांदा चार मात्रा उशीर झाला. दुसऱ्यांदा घाईत डिले दाबली गेली आणि एकीच्या तीन गिटारी झाल्या. तिसऱ्यांदा दोन्ही पाय एकदम उचलले गेले, त्यावर काही लिहीत नाही. मास्तर म्हणाले, "असू दे ताई, तालमीत हातचं राखून ठेवता तुम्ही, कळलं मला. उद्या." त्यांचा इतका विश्वास बघून तिला घाम फुटला.

कुरियरला तिने रस्त्यातच सगळं सांगून टाकलं. तो इतका हसला की त्याला फुटपाथवर बसावं लागलं. मग त्याने उपाय काढला. "सोपं आहे. उद्या तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मी मुद्दाम पळवतो. तुमचा पाय आपोआप जाईल."

"हे लबाडीचं आहे रे."

"सुचलं म्हणालात ते काय होतं?"

ब्रेकताई चालू लागली. रात्री तिला झोप लागेना. ती जागा हवी होती, फार हवी होती. लॅपटॉपच्या बाजूला उभं राहून पुन्हा मागच्या ओळीत गाणं म्हणजे आता तिच्याच्याने झालं नसतं.

तिसरा रविवार. आईसुद्धा आली, एरवी गुडघ्यांमुळे येत नाही, आज पहिल्या ओळीत, पर्स मांडीवर. ब्रेकताईने आईकडे बघितलं नाही. डोळे मिटले, व्हॉल्यूम बंद करून तार छेडली आणि उजवा पाय हळूहळू खाली नेला. सूर भरून आला. दुसरा त्याच्या पाठीवर. आठ ओळी तिने एकटीने वाजवल्या, आणि कमी वाजवल्या, चिठ्ठीची गरज न लागता. मंडळी एकेक करत उभी राहिली. कुरियर अलगद आत आला. मास्तरांच्या कीबोर्डखाली कसलासा बारीक दिवा सुरुवातीपासून लुकलुकत होता, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कुरियरने तिच्याकडे बघून भुवई उडवली आणि सोडलं घोडं. ठरल्याप्रमाणे. नव्हे, ठरल्याहून जास्तच, कारण मुद्दाम पळवायची परवानगी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती! ब्रेकताईचा पाय उचलला गेला. मास्तर श्वास रोखून वाट बघत होते. पण तेवढ्यात तिने समोर बघितलं. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती, आणि कुरियरच्या मागे टाळ्याही धावत सुटल्या होत्या. दोन पोरं बाकावर चढून नाचत होती. पास्टरांच्या टाचा उचलल्या होत्या. कुणालाच थांबायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही नव्हतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणाला थांबवावंसं वाटलं नाही.

पाय उजव्या पेडलवर गेला आणि टेकला तो टेकलाच. डाव्याने तिने डिले बंद केली, नाहीतर इतक्या वेगात सुरांचा चेंदामेंदा झाला असता. मग जे काही गाणं पळालं! शब्द तोंडात मावेनात, लोक निम्मे गात होते आणि निम्मे हसत होते. मास्तरांनी आधी मान हलवली, मग डोळे वटारले, मग मागे साउंडकाकांना हात वर करून दोन बोटांची खूण केली. काका डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. मास्तरांचा एक हात कीबोर्डवर आणि दुसरा तसाच वर. गाणं संपलं ते एकदम, सगळ्यांनी मिळून, एका ठोक्यावर. ब्रेकताईने दोन्ही हात हवेत उंच केले. क्षणभर शांतता झाली.

आणि त्या शांततेत गिटार वाजायला लागली.

ब्रेकताईचे हात वर. गिटार नुसती गळ्यात. आणि स्पीकरमधून सुंदर, स्वच्छ, एकही सूर इकडचा तिकडे नाही अशी तिसऱ्या कडव्याची गिटार. काकांनी डोळे उघडले होते, मास्तरांची दोन बोटं बघितली होती, आणि सांगितल्याप्रमाणे दोन नंबरचं, म्हणजे लॅपटॉपचं, बटण वर सरकवलं होतं.

दोनशे माणसं तिच्या हातांकडे बघत राहिली. पहिल्या ओळीतून आईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मला वाटलंच होतं! अगं, तू वाजवत नाहीसच का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मागे कुजबूज सुरू झाली, म्हणजे नुसते हात हलवत होती की काय, आणि आठ ओळी, त्याही मशीनच्याच का? ब्रेकताईचे हात खाली आले. कान तापले. जे एक काम तिने आयुष्यात खरं केलं होतं तेच लोकांना खोटं वाटत होतं, आणि बोलायला तोंड उघडेना, कारण खोटं तर ती बोललीच होती, दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तिला वाटलं, झालं, देवाने वेळेवर हिशेब केला.

मास्तर उठले. लॅपटॉप बंद केला. माईक हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. "ती गिटार माझी," ते म्हणाले. "म्हणजे मशीनची. ताईंच्या सुरुवातीबरोबरच मी ती चालू करून ठेवली होती, आवाज बंद ठेवून. त्यांचं बिघडलं तर बदलायला. त्यांना सांगितलं नव्हतं. तुम्ही मघाशी ऐकलं ते सगळं ताईंचं. माझा भरवसा नव्हता, चूक माझी."

आता मात्र ब्रेकताईला राहवलं नाही. ती माईकशी गेली. "मास्तर, माझंही ऐका. गेल्या रविवारची ती शांतता मला सुचली वगैरे नव्हती. हा पळत होता, माझा ब्रेक लागला. ट्यूनरवर. मी फळीवर पेडलं गाडीसारखी लावलीत." तिने फळी उचलून सगळ्यांना दाखवली, वायरी लोंबकळत. "आणि मी खोटं बोलले, कारण तुम्ही सगळे इतकं छान म्हणालात! मला ते ऐकायचं होतं. मला ही जागा फार हवी आहे हो. बारा वर्षांची होते तेव्हापासून हवी आहे."

पास्टरांना हसू आवरेना. ते बाकाला धरून हसत होते, आणि पास्टरच हसतात म्हटल्यावर मंडळींना कोण अडवणार? हसण्याचा असा लोंढा आला की कुरियरने मधेच झांज वाजवून घेतली. मास्तर तेवढे हसत नव्हते. ते फळीकडे बघत होते, डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे.

"म्हणजे आज तिसऱ्या कडव्याला," ते हळूच म्हणाले, "तुम्ही ब्रेक लावायचा होता."

"हो."

"मग लावला का नाहीत?"

"मास्तर," ती म्हणाली, "लोकांकडे बघितलं होतंत का तुम्ही?"

मास्तरांनी बघितलं नव्हतं. ते काकांना खुणा करत होते. आता त्यांनी बघितलं, घामाघूम, लाल, पोट धरून हसणाऱ्या दोनशे माणसांकडे. मग त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला, चेन लावली आणि पिशवी काकांकडे देऊन टाकली.

"संध्याकाळी ठरवायचं होतं ना?" ब्रेकताई घाबरून म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? लॅपटॉप दोन मिनिटं एकटाच वाजत होता, आणि गाणं संपलंय हे त्याला कळलंही नाही." मास्तर कीबोर्डवर बसले. "ट्यूनर तेवढा कोपऱ्यात घ्या, ताई. आणि ती सुरुवात पुन्हा वाजवा. तुमच्या आईंना समोर बोलवा, हातांकडे बघू द्या."

आई आली, पर्स घेऊन, व्यासपीठाच्या पायरीवर बसली आणि चष्मा चढवला. ब्रेकताईने तार छेडली, पेडल दाबलं. सूर आला. आईने आधी मुलीच्या बोटांकडे बघितलं, मग स्पीकरकडे, मग पुन्हा बोटांकडे, पाच-सहा वेळा, तपासून घेतल्यासारखं. मग तिने पर्स खाली ठेवली.

"अगं," ती म्हणाली, "इतकी वर्षं तू माझ्या घरात हे वाजवत होतीस?"

ब्रेकताईचे डोळे भरून आले, बोटं दिसेनात. पण वाजवणं तिने थांबवलं नाही.